कूपर ब्लॅक: जाड अक्षराच्या पोटातला पांढरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. ओळखीतली एक मुलगी बेकरी काढते आहे. पाटीवर, खोक्यांवर आणि कार्डावर कूपर ब्लॅक हाच फॉन्ट हवा असा तिचा हट्ट आहे. हा फॉन्ट आला कुठून, इतका जाड असूनही वाचता कसा येतो, कुठे वापरावा, कुठे टाळावा आणि मराठी नावाला जोडीला काय घ्यावं? शिवाय एक शेपटी आहे: 'त्यापेक्षा साधा सेरिफ फॉन्ट घेऊन बोल्डचं बटण दाबलं तर चालणार नाही का?'

(सेरिफ म्हणजे अक्षराच्या दांड्यांना टोकाशी असलेली छोटी पावलं.) शेपटीपासूनच सुरुवात करतो. ती कळली की बाकीचं निम्मं आपोआप कळतं.

ज्या फॉन्टला स्वतःचा बोल्ड नाही त्याला ते बटण दाबलं की सॉफ्टवेअर अक्षराला चहूबाजूंनी लेप चढवतं. भिंतीला गिलावा करावा तसा, आतून आणि बाहेरून. आता इंग्रजी छोटा 'एन' घ्या. समजा त्याचे दोन दांडे ८०-८० युनिट जाड आहेत आणि मधली पांढरी जागा २८० आहे. एकूण रुंदी झाली ४४०. दांडे २०० करायचे आणि रुंदी तीच ठेवायची म्हटलं तर मध्ये उरतात फक्त ४०. म्हणजे अक्षर बुजलंच. म्हणून खरा बोल्ड काढणारा माणूस आधी अक्षर रुंद करतो, मग दांडा किती वाढवायचा ते ठरवतो. 'एम'ला तीन दांडे असतात, तर तिथे प्रत्येक दांडा चोरून थोडा बारीक करतो. 'ई'मध्ये एकावर एक तीन आडव्या रेघा येतात, त्या उभ्या दांड्याइतक्या जाड केल्या तर डोळाच मिटेल. म्हणून आडव्या रेघांना वजन कमी मिळतं. या अक्षराच्या आत अडकलेल्या पांढऱ्या जागेला आम्ही पोट म्हणतो. जाड टाइप म्हणजे काळ्याचं काम असं लोकांना वाटतं. प्रत्यक्षात सगळा वेळ पोट वाचवण्यात जातो.

ही कसरत जुनी आहे. लंडनमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला रॉबर्ट थॉर्नसारख्या टाइप ओतणाऱ्यांनी 'फॅट फेस' काढले, ते मुख्यतः लॉटरीच्या आणि जाहिरातींच्या भिंतीपत्रकांसाठी. उभे दांडे कोहळ्यासारखे आणि आडव्या रेघा केसाएवढ्या. वजन सगळं उभ्यात ओतलं, म्हणून पोट वाचलं. मग १८४५ मध्ये फॅन स्ट्रीट फाउंड्रीच्या, म्हणजे टाइप ओतायच्या कारखान्याच्या, रॉबर्ट बेस्लीनं क्लॅरेन्डन आणला. त्यात आडव्या रेघा आणि सेरिफ दोन्ही भरदार होते. साध्या मजकुरात एखादा शब्द ठळक करायचा, कोशातला मुख्य शब्द उठून दिसायचा, अशा कामासाठी तो चालला. त्याची नक्कल करायला बाकीचे कायद्यानं दिलेल्या संरक्षणाची तीन वर्षांची मुदत संपायचीच वाट बघत बसले होते. कूपर ब्लॅक या दोघांच्या वाटेनं गेला नाही. त्याचा बाप टाइप ओतणारा नव्हताच, तो अक्षरं काढणारा होता.

ओसवाल्ड कूपर, सगळे त्याला ओझ म्हणत. जन्म १८७९, ओहायोतला. शिकागोला फ्रँक होम यांच्या चित्रकलेच्या शाळेत गेला. तिथे त्याला अक्षरलेखन शिकवायला होता फ्रेडरिक गाउडी, आणि बरोबरच्या विद्यार्थ्यांत डब्ल्यू. ए. ड्विगिन्स. दोघंही पुढे नावाजलेले टाइपकार. पुढे १९०४ मध्ये फ्रेड बर्ट्शबरोबर त्यानं बर्ट्श अँड कूपर ही कंपनी काढली. जाहिरातींसाठी हातानं अक्षरं काढणं हा धंदा. पॅकार्ड मोटारींच्या जाहिरातीतली त्याची अक्षरं इतकी गाजली की अमेरिकन टाइप फाउंडर्सनं १९१३ मध्ये त्यांच्यावरून 'पॅकार्ड' नावाचा टाइपच बाजारात आणला. म्हणजे आधी ब्रश आणि टाक, मग शिशाचा टाइप. हा क्रम ध्यानात ठेवा, कूपर ब्लॅकचं निम्मं गुपित त्यात आहे.

शिकागोच्याच बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या फाउंड्रीनं त्याच्याकडून पुस्तकी वळणाचा कूपर ओल्ड स्टाइल करून घेतला आणि १९२२ मध्ये त्याचा काळाभोर भाऊ, कूपर ब्लॅक, आला. जाहिरातवाल्यांच्या त्यावर उड्या पडल्या. परंपरावादी छापखानेवाल्यांनी नाकं मुरडली. कूपर स्वतः त्याच्याबद्दल गमतीनं म्हणायचा, असं सांगतात, की हा टाइप दूरदृष्टीच्या मुद्रकांसाठी आहे, ज्यांची गिऱ्हाइकं लघुदृष्टीची आहेत. मागणी एवढी वाढली की प्रतिस्पर्धी कंपन्यांना आपापले 'काळे' काढावे लागले. लॅन्स्टन मोनोटाइपनं १९२५ मध्ये गाउडीकडून गाउडी हेवीफेस करून घेतला. शिष्याच्या टाइपला उत्तर द्यायला गुरूला बसवलं! गुरूचा टाइप काही वाईट नाही, पण आज पाटी रंगवायला कोणी तो मागायला येत नाही.

आता अक्षर जवळून बघा. संगणकावर छोटा 'ओ' टाइप करा आणि पडदाभर मोठा करा. बाहेरचा आकार जवळजवळ गोल आहे, पण आतलं पोट? ते बारीक, लांबट, आणि डोकं डावीकडे टेकवून झोपल्यासारखं कललेलं. रुंद टोकाच्या टाकानं इंग्रजी 'ओ' काढला की असाच कल येतो. कूपरनं तो टाकाचा कल उचलला आणि वाढवून ठेवला. 'आय'वरचा ठिपका बघा. तो गोल नाही, लंबगोल आहे, आणि तोही डावीकडेच कललेला. मग सेरिफ बघा. त्यांना कुठेच टोक नाही. तळ सपाट नाही, पोळपाटावर ठेवलेल्या पेढ्यासारखा किंचित फुगीर आहे. त्यामुळे अक्षरं ओळीवर ठामपणे उभी नाहीत, जरा डुलतात. एवढं वजन असून दरडावल्यासारखं वाटत नाही ते यामुळे. छोट्या अक्षरांचा मधला भाग उंच आहे, 'पी' आणि 'जी'चे पाय आखूड आहेत. म्हणजे दोन ओळी अगदी जवळ आणता येतात आणि शब्द एक गठ्ठा म्हणून दिसतो.

गोल कडांचा छापखान्यातला फायदा मला पुस्तकातून कळला नाही. मी विशीत ट्रेडलवर, म्हणजे पायानं चालवायच्या छापयंत्रावर, खिळे (एकेका अक्षराचा शिशाचा टाइप) जुळवायला शिकलो. बारीक सेरिफचे खिळे वर्षभरात टोकाला झिजायचे, आपटले की तुटायचे, आणि निमंत्रणपत्रिकेत एखादा 'टी' लंगडा दिसला की मालक माझ्याकडे बघायचे. बोथट टोकाच्या खिळ्याचं टोक झिजणार कुठे? मात्र जाड खिळ्यांचा दुसरा त्रास असायचा. पोटात शाई वाळून बसायची. रात्री घासलेट आणि ब्रश घेऊन 'ई' आणि 'ए' साफ करत बसणं हे माझं पहिलं टायपोग्राफीचं शिक्षण. कुठल्या अक्षराचं पोट नाजूक आहे हे आजही बोटांना आधी आठवतं.

शिशाच्या काळात दोन अक्षरं खिळ्याच्या बाजूंपेक्षा जवळ येऊ शकत नव्हती. साठ-सत्तरच्या दशकात अक्षरं फोटोसारखी उमटवणारं फोटोटाइप आणि घासून उमटवायची लेट्रासेटची अक्षरं आली आणि ती भिंत पडली. अक्षरं एकमेकांना चिकटवता यायला लागली. कूपर ब्लॅकचा दुसरा जन्म झाला तो इथे. गोलमटोल अक्षरं खांद्याला खांदा लावून बसली की फारच शोभतात. बीच बॉइजच्या १९६६ च्या 'पेट साउंड्स'चं मुखपृष्ठ बघा, वरच्या हिरव्या पट्ट्यावर तोच आहे. पुढे टी-शर्टवर इस्त्रीनं चिकटवायच्या अक्षरांत तो घुसला. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ईझीजेट या विमान कंपनीनं तर नारिंगी रंगासकट तो अंगावरच घेतला. स्वस्त, हसरं, बिनधास्त असं काही सांगायचं असलं की लोकांचा हात तिकडे जातो. बेकरीला तो का हवासा वाटतो हे वेगळं सांगायला नको. पाव फुगल्यासारखाच दिसतो.

कामाचं बोलू. हा फॉन्ट मोठा, थोडक्या शब्दांचा आणि आवळून बसवलेला चांगला. नाव, फार तर नावाखाली दोन-तीन शब्द. अख्खं वाक्य लावलं की जेवणात सगळेच पदार्थ गोड झाल्यासारखं होतं. सगळी मोठी, म्हणजे कॅपिटल, अक्षरं शक्यतो टाळा. त्याची गंमत छोट्या अक्षरांच्या उंचसखल बाह्यरेषेत आहे, कॅपिटलमध्ये नुसती विटांची भिंत उभी राहते. अक्षरांमधली फट पोटातल्या पांढऱ्याच्या हिशेबानं ठेवा. पोट बारीक, तर फटही बारीक. सॉफ्टवेअरनं दिलेली फट १४ पॉइंटला ठीक असते, १४ इंचाला अक्षरं वरातीतून हरवलेल्या पाहुण्यांसारखी लांब-लांब दिसतात.

पाटीच्या कारागिराला हा फॉन्ट आवडतो, कारण तो कामाला सोपा आहे. बारा इंच उंचीच्या अक्षराचा दांडा तीनेक इंच रुंद होतो, त्यामुळे अ‍ॅक्रिलिकच्या पेटीत एलईडीची मॉड्यूल आरामात बसतात आणि उजेड सगळीकडे सारखा पडतो. तोच बोडोनी वळणाचा फॉन्ट द्या. त्याच्या केसाएवढ्या रेघेत मॉड्यूल बसत नाही, तिथे अंधार राहतो आणि रात्री नाव अर्धंच वाचलं जातं. पाटीची अक्षरं कापायच्या राउटर यंत्राचं पातं गोल असतं, त्यामुळे टोकदार कोपरे तसेही नीट निघत नाहीत. इथे कोपरेच नाहीत. फक्त 'के' आणि 'आर'च्या आतल्या खाचा कापताना बघून घ्या, त्या भरल्यासारख्या होतात. रबरी शिक्का, स्क्रीन प्रिंट, टोपीवरचं भरतकाम, सगळीकडे चालतो. केकच्या खोक्यावर सोनेरी फॉइल मारणार असाल तर मात्र आकार मोठा ठेवा. फॉइल छोट्या पोटावर झाकण बसवते. गडद रंगात पांढरी अक्षरं सोडली तर उलट त्रास: शाई बाहेरून आत पसरते आणि अक्षर बारीक होतं. पण कूपरमध्ये मांस भरपूर असल्यानं तिथे तो तगतो.

आणि कुठे नको, ते माझ्याच चुकीवरून सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी एका मिठाईवाल्याचं कार्ड केलं. नावाला जाड सेरिफ शोभला, म्हणून हौसेनं फोन नंबरही त्यातच लावला, सात पॉइंटला, खडबडीत कागदावर. ३, ६ आणि ८ या इंग्रजी आकड्यांची पोटं छपाईत बुजली आणि तिन्ही जुळ्या भावंडांसारखे दिसायला लागले. दोन हजार कार्डं वाटून झाल्यावर कळलं की पेढ्यांच्या ऑर्डरी भलत्याच घरी जाताहेत. त्या घरच्या आजींनी म्हणे दोन ऑर्डरी लिहूनही घेतल्या होत्या. कार्डं माझ्या खर्चानं परत छापली. पत्ता, फोन, किंमत, घटकपदार्थ यांना साधा फॉन्ट.

आता मराठीकडे. महाराष्ट्रात दुकानाची पाटी म्हटल्यावर हा भाग शोभेचा राहत नाही. दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानांनाही देवनागरी मराठी पाटी बंधनकारक आहे. मराठी नाव आधी, आणि त्याची अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान नकोत. म्हणजे तुमच्या पाटीची नायिका मराठी अक्षरं आहेत, कूपर ब्लॅक तिची मैत्रीण. बहुतेक जण आधी इंग्रजी नाव बेततात आणि मराठी शेवटी कोपऱ्यात कोंबतात. उलटं करा. मराठी अक्षराची शिरोरेषेपासून तळापर्यंतची उंची इंग्रजी कॅपिटलइतकी किंवा जास्त ठेवा. मग मात्रा-वेलांट्या वर जातील, उकार खाली जातील, तेवढी जागा आधीच सोडा. पाटीची उंची ठरवूनच लोक येतात आणि मग उकार कापायला सांगतात.

देवनागरीचा जाड टाइप इंग्रजीहून अवघड का, ते बेकरीच्याच शब्दांत बघा. 'शुद्ध तुपातली नानकटाई'. 'नानकटाई'तले पहिले तीन निभावतात, कारण न आणि क यांना हवा आहे. 'शुद्ध'मधला 'द्ध' घ्या. वर शिरोरेषा, खाली द चं पोट, त्याला लटकलेला ध, त्याच्या दोन गाठी. तेवढ्याच उंचीत सगळं. दांडा जाड केला की ते अक्षर न राहता बुंदीचा लाडू होतो. म्हणून देवनागरी जाड करताना अनुभवी माणूस शिरोरेषेला सगळ्यात कमी वजन देतो, गाठी उघडतो, आणि जोडाक्षराला शेजाऱ्यांपेक्षा बारीक दांडा देतो. 'एम'ला केलं तेच, फक्त चौपट कष्टानं.

दुसरी गोष्ट टाकाची. इंग्रजीचा रुंद टाक आणि देवनागरीचा बोरू यांच्या जिभा उलट्या बाजूंनी तिरक्या कापलेल्या असतात. इंग्रजी 'ओ'ची जाडी वर उजवीकडे आणि खाली डावीकडे येते, तर बोरूनं काढलेल्या 'व'च्या गोलाईत ती वर डावीकडे आणि खाली उजवीकडे. म्हणजे कूपरचं पोट डावीकडे कलतं आणि वळणदार मराठी अक्षराचं उजवीकडे. म्हणून 'कूपरसारखाच दिसणारा मराठी' शोधण्याच्या भानगडीत पडू नका. मराठी अक्षराला इंग्रजी सेरिफचे पेढे चिकटवलेले नमुने मी पाहिलेत. मोदकाला चॉकलेटचं शेपूट लावावं तसं दिसतं. जोडी जुळवायची ती काळेपणाची आणि गोलाईची.

मला विचाराल तर तीन पर्याय. मुंबईच्या एक टाइपचा मोदक: फारच गुबगुबीत, पोटं अगदी रेघेएवढी, एक-दोन शब्दांच्या मोठ्या पाटीला झकास, जोडाक्षरं असली की दुरून वाचायला जड. त्यांचाच बलू (Baloo): गोल कडांचा, पोटं मोकळी, बेकरीसाठी माझं मत यालाच. तिसरा इंडियन टाइप फाउंड्रीचा रोझा वन: तो मुळात फॅट फेसच्या वळणाचा, जाड-बारीकचा मोठा फरक असलेला, आणि त्यात देवनागरी व इंग्रजी दोन्ही एकत्र बेतलेले आहेत. दागिन्यांच्या दुकानाला, मासिकाच्या मथळ्याला सुंदर. पण कूपरशेजारी ठेवलात तर एक पैठणी नेसून आलेली आणि दुसरी ट्रॅकसूटमध्ये, असं होईल. तिन्ही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत.

आणि पैसे असतील तर चौथा पर्याय: नाव हातानं काढून घ्या. चार-पाच अक्षरांसाठी अख्खा फॉन्ट लागत नाही. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींसाठी काढलेली नावं बघा. वर्तमानपत्राच्या कागदावर, पसरणाऱ्या शाईत, दोन कॉलमांत, तरी एकही पोट बुजत नसे. जाड मराठी अक्षर कसं श्वास घेतं ते शिकायला मला त्याहून चांगली शाळा माहीत नाही.

फॉन्ट मिळवायचा कसा? मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर कूपर ब्लॅक येतो, म्हणून तो घरोघरी सापडतो. पण व्यावसायिक बोधचिन्हासाठी परवान्याच्या अटी एकदा वाचा. मोकळ्या परवान्याचं काही हवं असेल तर फ्रॉन्सेस बघा. तो कूपर आणि विंडसरच्या घराण्यातला मऊ सेरिफ आहे, व्हेरिएबल, म्हणजे जाडी हवी तशी बदलता येणारा, फॉन्ट आहे, आणि त्यात कडांचा मऊपणा वेगळा कमी-जास्त करता येतो. 'कूपर ह्युइट' मात्र उतरवू नका. नाव ऐकून माझ्याकडच्या एका मुलानं तोच उतरवला होता. तो एका संग्रहालयासाठी केलेला बिनसेरिफचा फॉन्ट आहे, ओझ कूपरशी त्याचा काही संबंध नाही.

ऑर्डर देण्याआधी एवढं करा. मराठी आणि इंग्रजी नाव खऱ्या आकारात ए-फोर कागदांच्या तुकड्यांवर छापा, चिकटवून सलग करा आणि दुकानाच्या शटरला लावा. रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहा. पाटीवाल्यांचा ढोबळ हिशेब दहा फुटांना एक इंच उंची असा आहे, पण तो साध्या अक्षराचा. पोट बारीक असलेल्या जाड अक्षराला मी दीडपट धरतो. डोळे किंचित मिटून बघा आणि कुठलं अक्षर आधी बुजतं ते टिपून ठेवा. इंग्रजीत बहुधा 'ई' असेल, मराठीत कुठलं तरी जोडाक्षर. तेवढ्याच अक्षराचं पोट कारागिराकडून थोडं कोरून घ्या. पाटीवाल्याला पाठवताना फाइलमधली अक्षरं आउटलाइन करून, म्हणजे नुसत्या आकारांत बदलून, पाठवा, नाहीतर त्याच्या संगणकावर तो फॉन्ट नसेल, भलताच येईल, आणि तो बोल्डचं बटण दाबून मोकळा होईल.